मोल्सवर्थ हे आडनाव मूळचं कुठलं?

तुमचा प्रश्न असा आहे: मराठी-इंग्रजी कोशामुळे (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) जेम्स टॉमस मोल्सवर्थ हे नाव आपल्या ओळखीचं आहे, पण हे आडनाव इंग्लंडात मुळात कुठलं? एके ठिकाणी तुम्हाला ‘घराणं कॉर्नवॉलचं’ असं वाचायला मिळालं, दुसरीकडे ‘आयर्लंडचे सरदार’, आणि आडनावांच्या एका नकाशात लंडन आणि लँकेशायर गडद रंगवलेले दिसले. या नावाची सगळी माणसं एकाच कुळातली का, हेही तुम्हाला हवंय. शिवाय मराठी ‘मोल’ आणि इंग्रजी ‘वर्थ’, दोन्हींचा अर्थ किंमत, यात काही आहे का, असं विचारलंत.

यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. आडनाव जन्माला कुठे आलं, ते लावणारी माणसं अमुक एका साली कुठे राहत होती, आणि ती एकमेकांच्या नात्यातली आहेत का. पहिल्याचं उत्तर गावाच्या नावाच्या जुन्या रूपांत आणि तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या सरकारी याद्यांत मिळतं, दुसऱ्याचं जनगणनेत आणि जन्मनोंदींत, तिसऱ्याचं वंशावळींत आणि आता जनुकीय चाचणीत. तुम्हाला सापडलेली उत्तरं एकमेकांशी भांडताना दिसतात, कारण ती वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत.

आधी अर्थ. मोल आणि वर्थ हा निव्वळ योगायोग. मोल्सवर्थ हे एका गावाचं नाव आहे आणि १०८६ च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमीनपाहणीत, ते ‘मोलेसवर्दे’ असं लिहिलेलं आहे. जुन्या इंग्रजीत गावांच्या नावांतला ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेलं आवार, वस्ती. किमतीचा ‘वर्थ’ हा वेगळा शब्द. मधला ‘एस’ हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्या चा-ची-चे सारखा. त्यामुळे त्याच्या आधी माणसाचं नाव असणं स्वाभाविक, आणि ते ‘मूल’ असं मानलं जातं. हे नाव त्या काळी खरोखर ठेवलं जायचं: दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्स या जुन्या राज्याचा राजा कॅडवाला याच्या भावाचं नाव मूल होतं, ६८७ साली केंटमध्ये त्याला जाळून मारलं. गावाचा मूल हा कोणी दुसरा, पण नाव तेच. मराठीत सांगायचं तर ‘मूलची वाडी’. जमिनीत बिळं करणाऱ्या ‘मोल’ प्राण्याशी काही लोक हे नाव जोडतात, पण प्राण्यासाठी हा शब्द इंग्रजी लिखाणात चौदाव्या शतकात दिसू लागतो, आणि गावाचं नाव त्याआधी अडीचशेहून अधिक वर्षं कागदावर आहे. इंग्रजी आडनावाचा अर्थ आजच्या स्पेलिंगवरून कधीच लावू नये. सर्वांत जुनं लिखित रूप काढावं आणि तिथून पुढे यावं.

हे गाव जुन्या हंटिंग्डनशायर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला सुमारे दहा मैलांवर, नॉर्दॅम्प्टनशायरच्या हद्दीजवळ आहे. १९७४ पासून हंटिंग्डनशायर केंब्रिजशायरमध्ये विलीन झालं. म्हणून नव्या नकाशात केंब्रिजशायर आणि जुन्या कागदांत हंटिंग्डनशायर दिसेल. दोन्ही तेच.

इथे मराठी माणसाला एक गोष्ट पटकन कळते, जी समजावताना एरवी बराच वेळ जातो. गावावरून पडलेलं आडनाव हे आपल्या ‘कर’ आडनावासारखं असतं. साताऱ्यात राहणाऱ्या सगळ्यांना सातारकर म्हणून उपयोग काय? त्यांतला एखादा बडोद्याला गेला की सातारकर होतो. तसंच हे. म्हणून आडनावाचा उगम शोधताना मी गावातल्या नोंदींवर फार वेळ घालवत नाही, गावाबाहेर पाच ते वीस मैलांच्या वर्तुळात पाहतो. त्या काळी सामान्य माणूस शेजारच्या बाजाराच्या गावी जाई, आणि तिथे त्याला मागच्या गावाचं नाव चिकटे. मोल्सवर्थच्या बाबतीत या वर्तुळात पश्चिमेला पाच-सहा मैलांवरचं थ्रॅप्स्टन येतं, उत्तरेला आउंडल आणि फॉदरिंगे, पूर्वेला हंटिंग्डन. आणि ‘कर’ आडनावाचीच दुसरी बाजूही लक्षात ठेवा: एकाच गावातून निघालेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या दोन-चार माणसांना एकच आडनाव पडू शकतं.

या भागाचं एक भाग्य आहे. १२७९-८० मध्ये राजा पहिल्या एडवर्डने जमिनींची जी चौकशी करवली, तिच्या याद्यांना हंड्रेड रोल्स म्हणतात. त्या थोड्याच काउंटींच्या तपशीलवार टिकल्या, आणि त्यांत हंटिंग्डनशायर आहे. त्यांत जमीन कसणाऱ्या कुळांची नावं गावागणिक मिळतात. त्यानंतर १३२७ आणि १३३२ च्या करयाद्या, मग १३७७, १३७९ आणि १३८१ चे डोईपट्टीचे कागद. या याद्यांत ‘जॉन डी मोल्सवर्थ’ असं नाव सापडलं म्हणून लगेच ते आडनाव समजू नका. १३०० च्या सुमारास ते ‘मोल्सवर्थचा जॉन’ एवढंच वर्णन असू शकतं, आणि त्याच्या मुलाला लोक वेगळ्याच नावाने हाक मारत असतील. आडनाव वंशपरंपरागत झालं असं मानायला मी तीन खुणा बघतो: माणूस त्या गावाबाहेर राहतोय, सलग दोन पिढ्या तेच नाव लावतायत, आणि मधला ‘डी’ गळून पडलाय. तीनपैकी दोन मिळाल्या तरी काम पुढे नेता येतं. एकच असेल तर पेन्सिलीने लिहून ठेवा. जमीनदारांची आडनावं लवकर स्थिरावली, कष्टकऱ्यांची दक्षिण आणि मध्य इंग्लंडात साधारण १४०० पर्यंत, उत्तरेत आणखी उशिरा.

आता एक अडचण, जी बहुतेक संकेतस्थळं सांगतच नाहीत. चेशायरमध्ये, चेस्टरच्या पूर्वेला, मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळं गाव आहे. त्याचा अर्थही वेगळा, टेकडीजवळचं आवार. पण मध्ययुगात हंटिंग्डनशायरच्या मोल्सवर्थची माणसंसुद्धा कधीकधी ‘मोल्डेस्वर्थ’ अशी लिहिली जात. त्यामुळे मधला ‘ड’ दिसला की चेशायर, असा सरळ नियम लागत नाही. निर्णय भूगोलावर करावा लागतो: नोंद थ्रॅप्स्टन-आउंडलच्या बाजूची असेल तर हंटिंग्डनशायर धरा, चेशायर किंवा दक्षिण लँकेशायरची असेल तर चेशायरचा पर्याय खुला ठेवा. आणि चेशायरच्या बाबतीत एक सापळा आहे. ही काउंटी स्वतंत्र अधिकारांची होती, वर सांगितलेल्या करांतून तिला सूट होती. तिथल्या करयाद्यांत आडनाव मिळत नाही, कारण त्या याद्याच नाहीत. ‘नोंद नाही म्हणजे माणसं नव्हती’ असा निष्कर्ष तिथे काढला तर उगमाचा अख्खा पर्याय हातचा जातो.

स्पेलिंगचं थोडं सविस्तर सांगतो, कारण दुर्मीळ आडनावात निम्म्या नोंदी इथेच हरवतात. मोल्सवर्थ, मोलेसवर्थ, मौल्सवर्थ, मोल्डेस्वर्थ, मोल्ड्सवर्थ ही सगळी रूपं तपासावी लागतात. बऱ्याच शोधयंत्रांत साउंडेक्स नावाची पद्धत असते, ती सारख्या उच्चाराची नावं एका सांकेतिक क्रमांकात टाकते. मोल्सवर्थ आणि मौल्सवर्थ दोन्ही ‘एम ४२६’ मध्ये पडतात. पण मधे ‘ड’ आला की तो मोजला जातो आणि नाव ‘एम ४३२’ मध्ये जातं. म्हणजे साउंडेक्सवर विसंबलात तर ‘ड’ असलेल्या नोंदी एकही दिसणार नाहीत. शोध दोनदा घ्या. दुसरी अडचण पहिल्या अक्षराची. साउंडेक्स पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवतो, आणि जुन्या हस्ताक्षरात मोठा ‘एम’ आणि ‘एच’ यांची गल्लत होते. मोल्सवर्थचं होल्सवर्थ झालेलं असतं, आणि ते यॉर्कशायरच्या होल्ड्सवर्थांच्या गर्दीत बुडतं. यावर उपाय म्हणजे पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि मधल्या स्वरांच्या जागी तारा घालून शोध घेणं, आणि जी नोंद मिळेल तिचं मूळ पानाचं छायाचित्र उघडून बघणं. नक्कल करणाऱ्याने काय वाचलं यावर कधीच थांबू नका.

कॉर्नवॉल आणि आयर्लंड या शाखांकडे येऊ. सरदार घराण्यांच्या छापील वंशावळी दोन्ही शाखा फॉदरिंगेच्या मोल्सवर्थांपर्यंत नेतात. फॉदरिंगे मोल्सवर्थ गावापासून उत्तरेला साधारण अकरा मैल, म्हणजे आपल्या वर्तुळातच. एक शाखा एलिझाबेथ राणीच्या काळात डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या जहागिरीच्या कामानिमित्त कॉर्नवॉलमध्ये गेली आणि बॉडमिनजवळ पेनकॅरो इथे स्थिरावली. जमैकाचा कारभार पाहिलेल्या हेंडर मोल्सवर्थला १६८९ मध्ये बॅरनेट हा किताब मिळाला. याच घरातले सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०-१८५५) पुढे वसाहतमंत्री झाले. दुसरी शाखा सतराव्या शतकाच्या मध्यावर, क्रॉमवेलच्या काळात, डब्लिनला गेली. तिथे १६५६ मध्ये जन्मलेला रॉबर्ट मोल्सवर्थ १७१६ साली सरदारकीचा किताब मिळून पहिला व्हायकाउंट मोल्सवर्थ झाला.

म्हणजे कॉर्नवॉल आणि डब्लिन ही आडनावाची मुक्कामाची ठिकाणं आहेत. तरीही शोधात तीच आधी वर येतात, कारण श्रीमंत माणसं कागद मागे ठेवतात आणि रस्त्यांना स्वतःचं नाव देतात. डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, कॉर्नवॉलच्या वेडब्रिजमध्ये आहे, न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये संसदेसमोरून जाणारा रस्ताही तोच. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि टास्मानियात मोल्सवर्थ नावाच्या वस्त्या आहेत. यांपैकी कुठलीही जागा आडनावाचा उगम नाही. हंटिंग्डनशायरात गावाने माणसाला नाव दिलं, बाकी सगळीकडे माणसाचं नाव जागेला मिळालं. नाव कोणत्या दिशेने गेलं ते ठरवायची सोपी कसोटी अशी: जागेचं नाव १३०० च्या आधी लिहिलेलं सापडतं का? सापडत नसेल तर ती जागा उगमाच्या यादीतून काढून टाका.

छापील वंशावळींबद्दल एक सावधगिरी. सोळाव्या-सतराव्या शतकांत राजदरबारचे हेराल्ड (घराण्यांची मानचिन्हं तपासणारे अधिकारी) काउंटी-काउंटीत फिरून घराण्यांच्या वंशावळी नोंदवत. हंटिंग्डनशायरची अशी पाहणी १६१३ मध्ये झाली. त्यात जिवंत माणूस, त्याचा बाप आणि आजा इथपर्यंत माहिती बहुधा विश्वासार्ह असते. त्यामागे जाणाऱ्या पिढ्या घराण्याने सांगितल्या तशा लिहिल्या गेल्या. तेराव्या शतकातल्या धर्मयुद्धाला गेलेल्या पूर्वजापर्यंत अखंड साखळी दिसली की मधली प्रत्येक कडी मृत्युपत्र किंवा जमिनीच्या कागदाने सिद्ध होते का ते बघा. पहिल्या एडवर्डच्या काळात वॉल्टर डी मोल्सवर्थ नावाचा शेरीफ बेडफर्डशायर-बकिंगहॅमशायरला होता हे खरं. तो फॉदरिंगेच्या मोल्सवर्थांचा खापरपणजा होता हे त्यावरून सिद्ध होत नाही.

आता तुमचा नकाशा. लंडन आणि लँकेशायर गडद दिसतात कारण तिथे माणसंच जास्त. १८८१ मध्ये लँकेशायरची लोकसंख्या साडेचौतीस लाखांच्या आसपास होती, हंटिंग्डनशायरची साठ हजारही नव्हती. समजा (हे आकडे केवळ हिशेबासाठी) एक आडनाव लँकेशायरात ३०० जणांचं आहे आणि हंटिंग्डनशायरात ३० जणांचं. नुसती डोकी मोजली तर लँकेशायर दहापट गडद. पण दर दहा हजारी काढलं तर लँकेशायरात एकही पुरता नाही, ०.८७, आणि हंटिंग्डनशायरात ५. नकाशा उघडल्यावर पहिलं काम म्हणजे तो डोकी दाखवतो की प्रमाण, हे तपासणं. प्रमाणाचा नकाशा मात्र दुर्मीळ नावाला दुसऱ्या बाजूने फसवतो: लहान काउंटीत एकच मोठं कुटुंब राहायला आलं तरी ती रंगून निघते. म्हणून दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघायचे, आणि दर काउंटीत किती वेगळी कुटुंबं आहेत ते मोजायचं.

१८८१ चीच जनगणना (३ एप्रिलच्या रात्रीची) सगळे का वापरतात? तिची संपूर्ण नक्कल स्वयंसेवकांनी केली आणि ती विनाशुल्क शोधता येते. रेल्वे आणि गिरण्यांनी लोकांना हलवलं होतं तरी तोवर बरीच दुर्मीळ आडनावं आपल्या जुन्या पट्ट्यातच होती. पण तिच्यात लग्न होऊन आलेल्या बायकाही मोजल्या जातात आणि त्या रात्री पाहुणे म्हणून आलेलेही. मला कुटुंबांची संख्या हवी असते तेव्हा मी जन्मनोंदी घेतो. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे आणि तिच्या सरकारी ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनावही मिळतं. नोंदणी जिल्हा आणि आईचं माहेरचं नाव या जोडीवर नोंदी लावल्या की भावंडांचे गट आपोआप वेगळे पडतात. मोल्सवर्थसारख्या नावाला १८३७ ते १९११ एवढा पट्टा हा निवांतपणे करण्याजोगा उद्योग आहे. एक लक्षात ठेवा: नोंदणी जिल्हे काउंटीची हद्द पाळत नाहीत. मोल्सवर्थ गाव हंटिंग्डनशायरातलं, पण त्याचा नोंदणी जिल्हा थ्रॅप्स्टन, जो नॉर्दॅम्प्टनशायरात मोडतो. त्यामुळे खुद्द गावातला जन्म सूचीत शेजारच्या काउंटीत दिसेल.

मग १८५१ च्या जनगणनेत प्रत्येक कुटुंबप्रमुखाचं जन्मगाव बघा (१८४१ मध्ये ‘याच काउंटीत का’ आणि नसेल तर ‘स्कॉटलंड, आयर्लंड की परदेशात’ एवढंच विचारलं होतं, आणि मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिली होती). लँकेशायरात राहणारा पण नॉर्दॅम्प्टनशायरात जन्मलेला माणूस मिळाला की तुमच्या नकाशावर बाण काढता येतो. हे बाण सगळ्यांत बोलके असतात. त्यात पाद्री, लष्करी अधिकारी आणि इंजिनियर वेगळ्या रंगात ठेवा. ते नेमणुकीने हलतात, त्यांच्या मुक्कामातून आडनावाचा भूगोल कळत नाही. लँकेशायरच्याच रॉचडेलमध्ये एकोणिसाव्या शतकात जॉन एडवर्ड नासाउ मोल्सवर्थ हे बराच काळ व्हिकर, म्हणजे तिथल्या चर्चचे पाद्री, होते. त्यांचे चिरंजीव गिलफर्ड मोल्सवर्थ (१८२८-१९२५) सिलोनच्या रेल्वेत आणि पुढे हिंदुस्थान सरकारचे रेल्वेविषयक सल्लागार अभियंता झाले. अशा एका घराने नकाशावर तीन ठिपके उमटतात, आणि ते तीनही पगाराचे ठिपके आहेत.

१८३७ च्या मागे पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) नोंदवह्या, १५३८ पासून, जिथे टिकल्या तिथे. मृत्युपत्रं १२ जानेवारी १८५८ पर्यंत चर्चच्या न्यायालयांत होत. हंटिंग्डनशायर १८३७ पर्यंत लिंकनच्या बिशपच्या अखत्यारीत होतं आणि नॉर्दॅम्प्टनशायर १५४१ पासून पीटरबरोच्या. दहा मैलांवरच्या दोन चुलतभावांची मृत्युपत्रं दोन वेगळ्या संग्रहांत असू शकतात. १७५२ च्या आधीच्या तारखांत वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून फेब्रुवारी १६८८ म्हणजे आपल्या हिशेबाने १६८९. हे विसरलं की बापाच्या आधी मुलाचा बाप्तिस्मा झालेला दिसतो. आयरिश शाखेसाठी डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याला लागलेल्या १९२२ च्या आगीत बरंच गेलं, पण १७०८ पासूनचे जमिनीचे नोंदणीकृत दस्त शाबूत आहेत, आणि जमीनदार घराण्याला ते पुरेसे उपयोगी पडतात.

इथवरचं थोडक्यात: उगम बहुतांशी हंटिंग्डनशायरच्या गावाचा, चेशायरचा एक छोटा पर्याय उत्तरेकडच्या कुटुंबांसाठी खुला, कॉर्नवॉल आणि डब्लिन या किताब मिळालेल्या शाखा, आणि लंडन-लँकेशायर ही लोकसंख्येची सावली.

सगळे मोल्सवर्थ एकाच कुळातले का, हे कागदावर पूर्ण ठरत नाही, कारण १५३८ च्या आधी साध्या माणसांची साखळी जोडता येत नाही. इथे वाय गुणसूत्राची चाचणी कामी येते, ते बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच. लेस्टर विद्यापीठात किंग आणि जॉब्लिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांवर केलेल्या कामात दिसलं की आडनाव जितकं दुर्मीळ तितकी एकाच पूर्वजाची शक्यता जास्त. स्मिथ नावात असा समान धागा नव्हता. अ‍ॅटनबरो हे गावावरूनच पडलेलं दुर्मीळ नाव, त्यात बहुतेक पुरुष एकाच वंशाचे निघाले. मोल्सवर्थबद्दल मी असंच काहीसं अपेक्षीन, पण गृहीत धरणार नाही. चाचणी करायची तर कागदावर वेगळ्या दिसणाऱ्या शाखांतले दोन-दोन पुरुष निवडावेत, या गुणसूत्रावरच्या किमान ३७ खुणांची (मार्करांची) चाचणी घ्यावी, आणि ३३ किंवा अधिक जुळल्या तर समान पूर्वज मानून पुढे जावं. न जुळल्यास लगेच ‘वेगळा उगम’ म्हणू नका. दत्तक, आईकडून घेतलेलं आडनाव, विवाहबाह्य जन्म, आणि इस्टेटीसाठी बदललेलं नाव (कॉर्नवॉलची शाखा आज मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असं जोडनाव लावते) यांमुळेही धागा तुटतो. त्याच अभ्यासात असा तुटण्याचा दर पिढीमागे १ ते ४.५ टक्के निघाला. वीस पिढ्यांत तो बराच साठतो.

राहता राहिले कोशकार जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५-१८७१). ते कुठल्या शाखेचे, हे वंशावळीच्या पुस्तकावरून जुळवत बसू नका, थेट पुरावा मिळवता येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात कॅडेट म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला वयाचा दाखला द्यावा लागे, आणि तो म्हणजे बहुधा पॅरिशच्या नोंदवहीतला बाप्तिस्म्याचा उतारा. हे कॅडेट अर्ज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दफ्तरात ‘एल, एमआयएल, ९’ या मालिकेत आहेत. १८१० ते १८१३ चे खंड मागवा. अर्जावर शिफारस करणाऱ्याचं आणि नेमणूक देणाऱ्या संचालकाचं नावही असतं, आणि शिफारस करणारा पुष्कळदा नातलग किंवा घराण्याचा स्नेही असे. उताऱ्यातल्या पॅरिशची मूळ नोंदवही काढा, बापाचं नाव घ्या, मग त्या बापाचं लग्न आणि मृत्युपत्र शोधा. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं याच दफ्तरात ‘एन, ३’ मालिकेत आहेत, त्या बाजूने इतर मोल्सवर्थही सापडतील. उतारा लंडनच्या किंवा एखाद्या छावणीच्या पॅरिशचा निघाला तर तिथे थांबू नका. तेवढ्यावरून फक्त १७९५ च्या सुमारास आईबाप कुठे होते एवढंच कळतं. आजोबांची पॅरिश मिळाली की मग कोशकार पेनकॅरोकडे झुकतात, डब्लिनकडे की थ्रॅप्स्टनजवळच्या साध्या मोल्सवर्थांकडे, हे नकाशावर बोट ठेवून सांगता येईल.